दिवल्यांची हरवलेली संध्याकाळ

पाय आत घ्या बरं सगळ्यांनी. यशू, चिमीची उशी सोड. आणि तो दिवा राहू दे अजून, गोष्ट संपली की बघू त्याचं काय करायचं ते.

तर एक होती सगुणा. राजकन्या नव्हे हं. तांडेलाची लेक. तांडेल म्हणजे होडीतला मुख्य माणूस, ज्याच्या हाती सुकाणू. तिच्या बापाचं नाव नागू, आईचं नाव वेणू, आणि गावाचं नाव खडपवाडी. सगुणा लहान असतानाच खूप लांबच्या शहरात शिकायला गेली. सात घाट चढायचे, सात उतरायचे, इतकं लांब. बारा वर्षं ती तिथे राहिली. आणि बारा वर्षं तिथल्या मुलींना एकच गोष्ट सांगत राहिली, "आमच्या समुद्रात दिवे पोहतात."

मुली हसायच्या. म्हणायच्या, "तेल कोण घालतं गं त्यांना?"

सगुणा चिडायची नाही. म्हणायची, "या एकदा, दाखवते."

मग बारा वर्षं सरली. सगुणा आठ दिवसांसाठी, जाण्यायेण्याची बैलगाडी ठरवून, गावाला निघाली. तिला वाटलं होतं, शेवटच्या घाटाचं वळण आलं की खाली समुद्र दिसेल, आणि संध्याकाळ असेल तर तो निळा निळा चमकत असेल. वळण आलं. संध्याकाळच होती. आणि खरंच, खाली काहीतरी चमकत होतं! सगुणाने गाडीतून उडीच मारली. गाडीवान ओरडला, "अगो बाय, बोचकं तरी घे!" पण ती ऐकते कुठली. धावत सुटली उतारावरून.

आणि खाली येऊन बघते तर काय? चमकत होता तो समुद्र नव्हताच. टेकाडाच्या टोकावर एक भलामोठा जाळ पेटला होता. होळीएवढा. आणि समुद्र? समुद्र तव्याच्या पाठीसारखा काळा.

आता दिवल्या म्हणजे काय, ते सांगते. दिवल्या म्हणजे मासे. बोटाएवढे, चंदेरी. पोटावर निळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी, चोळीला बटणं लावावीत तशा. ते ठिपके उजळतात. मोठा मासा खालून वर बघतो ना, तेव्हा त्याला लहान माशाची सावली दिसते. सावली दिसली की गट्ट! म्हणून दिवली पोट उजळते. खालच्याला वाटतं, हे तर आभाळच आहे. आहे की नाही हुशार?

पण दिवली फार भित्री, बरं का. दिवसभर ती खोल, खूप खोल जाऊन बसते. सूर्याचा हात पोचत नाही इतकी खोल. दिवस पुरता मावळला की मग वर यायचं, चार घास खायचे, आणि पहाट व्हायच्या आत पुन्हा खाली.

खडपवाडीच्या समोर, समुद्रात, खडकांची मोठी रांग होती. त्या रांगेत एकच फट. दोन होड्या शेजारी शेजारी जातील एवढी. तिला सगळे 'दार' म्हणायचे. त्या दारातून पाणी जोरात वाहायचं, त्यात दिवल्यांचा खाऊ यायचा, म्हणून रोज संध्याकाळी दिवल्या बरोबर दारात जमायच्या. लांबून दिसायचं काय? काळ्या खडकांच्या मधोमध एक निळी वाट. होड्या त्या वाटेने आत यायच्या. कोणी कधी बुडलं नाही, कोणाची फळी फुटली नाही.

आणि त्या गावची रीतच होती. आधी समुद्रातले दिवे, मग घरातले. शेवटची होडी आत आली की मगच बायका देवापुढे दिवा लावायच्या.

मग हे सगळं गेलं कुठे? तेच सगुणाने आईला विचारलं.

आई घराच्या दारातच उभी होती. भाकरीचा तुकडा तिने लेकीवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "दिवल्या रुसल्या गो. सात वर्षं झाली. एक दिसली नाही."

"का रुसल्या?"

"कोणाला ठाऊक. आम्ही नारळ दिला, नाही आल्या. गोड भात सोडला दारात, नाही आल्या. मग कोंडूआजी म्हणाली, त्यांना वाटत असेल गावाने आपली आठवण ठेवली नाही, तर घराघरांतून खिडक्यांत दिवे लावा, म्हणजे त्यांना कळेल. लावले. रोज लावतो, दिवस मावळायच्या आत. तरी नाही आल्या."

"आणि होड्या कशा येतात आत?"

"उजेड असेपर्यंत येतात. उशीर झाला की..." आईने समुद्राकडे बघितलं.

तेव्हा सगुणाच्या लक्षात आलं, घरात बाबा नाहीत.

बाबा का नव्हते, ठाऊक आहे? लेक येणार म्हणून निरोप आला होता ना! आणि लेकीला आवडायचा रावस. रावस आता जवळ मिळत नसे. म्हणून नागू तांडेल पहाटेच तीन गडी घेऊन लांब गेला होता. जाताना म्हणाला होता, "दुपारी येतो, कालवण सोडून बाकी सगळं करून ठेव." दुपार झाली. ऊन उतरलं. सूर्य बुडाला. होडी आली नव्हती.

त्यात वारा फिरला. सकाळचा वारा समुद्राकडे होता, तो उलटा झाला. लाटा खडकांवर आपटायला लागल्या. धप्प. धप्प. होडी बाहेर थांबली तर वाराच तिला ढकलत ढकलत खडकांवर आणणार. आत यावं तर दार दिसायला हवं. आणि त्या दिवशी चंद्रही उगवायचा नव्हता.

सगळं गाव टेकाडावर जमलं. भागोजी नावाचा एक म्हातारा खलाशी होता, आवाज मोठा. तो ओरडत होता, "लाकडं आणा! जाळ वाढवा! तांडेलाला दिसला पाहिजे!"

सगुणा धापा टाकत वर पोचली. जाळाकडे बघून म्हणाली, "भागोजीकाका, हा जाळ कसला?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग कोंडूआजी हसली. तिच्या तोंडात एकच दात होता, तो चमकला. म्हणाली, "अगो, तुझाच की! तुझा वाटदिवा!"

आता वाटदिवा म्हणजे काय? खडपवाडीतून कोणी लांब गेलं की घरची माणसं, शेवटची होडी आत आली की, टेकाडावर त्याच्यासाठी एक दिवा लावायची. रोज. तो माणूस परत येईपर्यंत. आणि तो दिवा दुसऱ्या कोणी शांत करायचा नाही. ज्याच्यासाठी लावला, त्यानेच येऊन त्याला निरोप द्यायचा. विझवला म्हणायचं नाही हं, निरोप दिला म्हणायचं.

सगुणा गेली त्या दिवशी वेणूने एक पणती लावली. पावसात तिच्यावर इरलं धरून बसली. मग तिच्या मनात आलं, सात घाटांपलीकडे एवढीशी पणती कशी दिसणार? म्हणून दुसऱ्या वर्षी समई ठेवली. तिसऱ्या वर्षी मशाल. मग गाव म्हणालं, पोर काय एकट्या वेणूची आहे? आपल्या गावातून पहिल्यांदा कोणी शिकायला गेलंय! मग एकेका घरातून मोळी यायला लागली. पाचव्या वर्षी देवळातली जेवणावळीची कढई आणून तिच्यात जाळ केला. तेव्हापासून तो रोज सूर्य बुडायच्या आधी पेटायचा आणि उजाडेपर्यंत जळायचा. सगळ्यांच्या मायेचा जाळ तो.

सगुणा त्या जाळासमोर उभी राहिली. तोंडाला धग लागत होती. तिने मनात मोजलं. पाचव्या वर्षी कढई. सात वर्षं दिवल्या नाहीत. पाच आणि सात, बारा.

ती भागोजीकडे वळली.

ती म्हणाली, "काका, वाळू आणा. याला निरोप द्यायचाय."

"खुळी की काय तू?" भागोजी म्हणाला. "बाप बाहेर, आणि तू उजेड काढून घेतेस?"

"या उजेडाने बाबांना काय दिसतं सांगा. टेकाड दिसतं. दार दिसतं का?"

भागोजीने हातातलं लाकूड खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी त्याचीच होडी या जाळाकडे बघत बघत खडकावर चढली होती. तो कसाबसा पोहत आला होता.

कोणीतरी मागून पुटपुटलं, "चार बुकं शिकून आली, आता आम्हाला दर्या शिकवणार."

सगुणा वळली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, "मी काही शिकवत नाही. दिवा माझ्यासाठी लावलात ना? मग मी आले. तुमच्याच रीतीने त्याला निरोप देते. माझं चुकलं तर तुम्ही पुन्हा पेटवा."

रीतीपुढे कोण काय बोलणार? वेणू सगळ्यांच्या मागे उभी होती. तिने पदर खोचला आणि वाळूची पहिली टोपली स्वतः आणली. मग दुसरी आली, तिसरी आली. सगुणाने हात जोडले, कढईत वाळू ओतली. फस्स! जाळ गेला.

आणि बरं का, तिकडे खोल पाण्यात काय चाललं होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दिवल्या रुसल्या नव्हत्या. मुळीच नाही. त्या आपल्या वाट बघत होत्या, दिवस मावळण्याची! रोज एक दिवली हळूच वर यायची, उजेड बघायची आणि खाली जाऊन सांगायची, "अजून दिवस आहे." मग सगळ्या म्हणायच्या, "बरं, थांबू." सात वर्षं त्यांना संध्याकाळच सापडली नव्हती. किती भूक लागली असेल त्यांना, सांगा.

मग जाळ गेला तशी एक दिवली वर आली. दारात एक निळा ठिपका दिसला.

"आली! आली!" पोरं ओरडली.

पण ठिपका थांबला. थरथरला. आणि सर्रकन खाली गेला.

सगळे हिरमुसले. भागोजी म्हणाला, "बघ. सांगत होतो." आणि बाहेरून, लांबून, वाऱ्यावर एक हाक आली. नागू तांडेलाचा आवाज. शब्द कळले नाहीत, पण आवाज त्याचाच. होडी खडकांच्या जवळ येत होती.

आता सगुणा काय करणार?

शहरातल्या शाळेत ती पुष्कळ काही शिकली होती. त्यातलं बरंचसं तिला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. एक आठवलं. एखादं पाखरू उडून गेलं तर ते जिथे बसलं होतं तिथे जाऊन उभं राहायचं, आणि त्याला काय दिसलं ते बघायचं. ती धावत किनाऱ्यावर गेली. पाण्यात शिरली. गुडघाभर, कमरेएवढं, गळ्याएवढं. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा ती गावाकडे वळली आणि दिवलीच्या डोळ्यांनी गावाकडे बघितलं.

खिडक्या! तिला सगळ्या खिडक्या दिसल्या. प्रत्येक खिडकीत दिवा. पाण्यावर त्यांचे लांब लांब पिवळे पट्टे पडले होते, थेट दारापर्यंत.

"खिडक्यांतले दिवे!" ती ओरडली. "खिडक्यांतले दिवे काढा!"

कोंडूआजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो, पण देवापुढे अंधार करायचा तिन्हीसांजेला?"

आणि म्हणता म्हणता तीच थबकली. तिला आठवलं. तिची आई काय म्हणायची ते आठवलं. आधी समुद्रातले दिवे, मग घरातले. किती वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं ते! तिने कपाळावर हात मारला. "मेले मी! मीच तर सांगितलं दिवे लावायला!" आणि ती म्हातारी, काठी टाकून, घराकडे पळत सुटली. तिच्यामागे सगळ्या बायका. एक खिडकी काळी झाली. दुसरी झाली. दहावी झाली. देवांनाही काळोखात बसवलं. देव काही रागावले नाहीत.

मग पुन्हा एक दिवली वर आली. निळा ठिपका दारात थांबला. या वेळी जरा जास्त वेळ थांबला. आणि पुन्हा खाली गेला.

बाहेरून पुन्हा हाक आली. आता शब्द कळले. "दार... कुठे... आहे?"

सगुणा पाण्यातच उभी होती. थंडीने दात वाजत होते. तिने पुन्हा गावाकडे बघितलं. सगळं गाव काळं. कुठे काही नाही. मग दिवली परत का गेली? तिने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. आणि मग टेकाडाच्या कुशीत, एका कोनाड्यात, तिला एक ठिपका दिसला. इवलासा, पिवळा.

ती पाण्यातून निघाली, ओल्या परकराने वर चढली. कोनाड्यापाशी वेणू बसली होती. पदराआड एक पणती धरून.

ती पहिली पणती होती. बारा वर्षांपूर्वीची. वर जाळ झाला, कढई आली, तरी वेणूने ही एक रात्रही चुकवली नव्हती. रोज तेल, रोज वात. गावालाही ठाऊक नव्हतं.

"आई," सगुणा म्हणाली, "हीसुद्धा."

वेणूने पणती छातीशी धरली. "ही नको गो. तुला हिनेच आणलं."

"मी आलेय ना आता."

"आलीस, आठ दिवसांसाठी. गाडीवानाला थांबवून ठेवलंयस, दिसत नाही मला? हिला निरोप दिला की तू पुन्हा जाशील. दिवा असला की माणूस परत येतं. दिवा गेला की..."

खाली लाटा आपटत होत्या. धप्प. धप्प.

सगुणाने आईशेजारी बसकण मारली. ओल्या अंगानेच बसली. आणि म्हणाली, "आई, मी घाटावरून उजेड बघितला आणि धावत आले, खरं. पण तो उजेड मला दिव्यांचा नाही वाटला. मला वाटलं, दिवल्याच चमकतायत. त्यांच्यासाठी धावले मी. आणि तुझ्यासाठी. आता बाबांना धावू दे ना आपल्याकडे."

वेणूने पणती पुढे केली. सगुणाने आईचा हात दोन्ही हातांनी खालून धरला. हात जोडायला एकही हात मोकळा नव्हता, म्हणून मनातच नमस्कार केला. आणि हलकीच फुंकर घातली.

फू.

काळोख झाला. असा काळोख की आईला लेक दिसेना, लेकीला आई दिसेना. फक्त हातात हात. एकही पोर रडलं नाही.

मग दारात एक ठिपका आला.

थांबला.

थांबला.

आणि खाली गेला नाही, बरं का! तो नाचला. गोल गोल फिरला. त्या दिवलीने खाली हाक मारली असणार, "अगं या! या गं सगळ्या! दिवस मावळला!"

मग तीन आल्या. मग तेरा. मग मोजायला कोणाला जमतंय! निळ्या, हिरवट, चंदेरी. सात वर्षांच्या भुकेल्या दिवल्या! दार भरून गेलं. दारातून वाट निघाली, निळी वाट, सरळ किनाऱ्यापर्यंत. खडक दोन्ही बाजूंना काळे दिसले, आणि मधे जणू कोणी निळा शालू अंथरला.

आणि त्या शालूवरून एक होडी आली. डोलत, लाटेवर चढत, उतरत. सुकाणूवर नागू तांडेल. वल्ही पाण्यात पडत होती आणि प्रत्येक वेळी निळ्या ठिणग्या उडत होत्या. होडी दारातून आत शिरली. एक फळी घासली नाही.

सगळ्या गावाने एकदम श्वास सोडला. हुऽऽश्श! एवढा मोठा श्वास की भागोजीचं पागोटं हललं म्हणतात.

होडी वाळूला लागली. नागूने खाली उडी मारली. चहूकडे काळोख. त्याने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "इतका सुंदर अंधार कोणी केला गो?"

"तुमच्या लेकीने," वेणू म्हणाली. आणि इतका वेळ न रडलेली ती बाई आता रडायला लागली, हसत हसत.

नागूने काळोखातच हात पुढे केला. सगुणाच्या डोक्याला लागला. "ओली का गो तू? दर्यात मी होतो की तू?" मग तो म्हणाला, "रावस मिळाला. एकच. पण मोठा आहे हं."

मग शेवटची होडी आत आली म्हणून घराघरांतून देवापुढे दिवे लागले. आधी समुद्रातले, मग घरातले. सात वर्षांनी बरोबर लागले. आणि त्या एका रावसाचं कालवण सगळ्या वाडीने चाखलं. भागोजीने दोनदा मागून घेतलं. कोणी त्याला काही बोललं नाही.

मग सकाळ झाली.

सगुणा उठून बघते तर आई कोनाड्यापाशी. सवयच ना बारा वर्षांची! हातात तेलाचं भांडं, बोटांत वळलेली वात, आणि करायला काहीच नाही. नुसती बसलेली.

सगुणाने जाऊन ती पणती उचलली. आईच्या पदराने पुसली. आणि आईचा हात धरून तिला टेकाडाच्या दुसऱ्या बाजूला नेलं. समुद्राकडे पाठ, घाटाकडे तोंड. गाव सोडून गेलेली माणसं परत येतात ती घाटानेच ना! तिथे एक कपार होती. सगुणाने तिच्यात पणती ठेवली.

"भागोजीकाकांचा नातू आज निघतोय ना परमुलखात?" ती म्हणाली. "आजपासून त्याच्यासाठी. इथला दिवा दर्यावरून दिसत नाही. मी कालच्यासारखी गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून बघेन पाहिजे तर."

"आणि तुझ्यासाठी?" वेणूने विचारलं.

खाली रस्त्यावर गाडीवान बैल जुंपत होता. आठ दिवस थांबायला त्याची ना नव्हती, पण बैलांना समुद्राचा वारा मानवत नव्हता, म्हणून निघू का, ते विचारायला आला होता. सगुणाने वरूनच हाक दिली, "दादा, तुम्ही निघा! बोचकं तेवढं उतरवून ठेवा. आणि शाळेत माझ्या मैत्रिणींना सांगा, मी परत येत नाही. तुम्हीच या म्हणावं, दिवल्या बघायला. पण संध्याकाळी या, आणि हातात कंदील आणू नका!"

मग ती आईकडे वळली. "रोज दिवस मावळला की मी शंख वाजवीन. शंख वाजला की सगळे दिवे शांत. शेवटची होडी आली की पुन्हा वाजवीन, मग लावा. गावातल्या पोरांना शिकवीन. आधी हे शिकवीन, मग बाकीची अक्षरं. माझ्यासाठी दिवा नको आई. मी घरीच आहे."

वेणूने वात पणतीत ठेवली. बस्स. तिथून पुढे खडपवाडीत सगळे पोटभर जेवले, आणि दिवल्यासुद्धा.

काय गं चिमे? माशांना शंख ऐकू येतो का? येतो की.

आता तू तो दिवा मालव बघू. हळूच, फुंकर घालून. हं, अश्शी. बघा, किती छान अंधार झाला. आता एक जरी डोळा उघडा राहिला तरी खालची दिवली म्हणेल, अजून दिवस आहे. किती वेळ उपाशी ठेवायचं त्यांना?

मिटा डोळे. मिटले?

आल्या बघा वर.